वन्सं, बटणं दोन होती

वन्सं, तुमचा कॉम्प्युटर चालू झाला. हे आधी सांगते, कारण बाकीचं जे सांगायचंय त्याची सुरुवात कुठून करावी ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले. या दिवसांत घरी पुष्कळ माणसं येऊन गेली. पाटबंधारे खात्यातल्या तुमच्या जुन्या मैत्रिणी आल्या, तुमच्या हाताखाली ट्रेसिंग शिकलेली दोघं पैठणहून एसटीनं आली, गल्लीतल्या बायका तर रोजच. प्रत्येकाला तुम्ही कशा होतात ते पक्कं माहीत होतं. शैला मॅडम शांत, शैला मॅडम हिशोबी बोलायच्या, शैला मॅडम कुणाच्या अध्यातमध्यात नसायच्या. मी चहाचे कप उचलत ऐकत होते. तेवीस वर्षं आपण एका स्वयंपाकघरात वावरलो, आणि तुमची भावजय असून मला तुमच्याबद्दल एकही वाक्य असं ठामपणे बोलता येईना.

त्या रविवारचं सांगते. त्यातलं तुम्हाला किती माहीत होतं, हेच मला विचारायचंय.

गच्चीवर एक खोली बांधायची, ती तुमच्यासाठी, हे आपलं तिघांचं ठरलेलं होतं. नकाशा तुम्हीच काढत होतात. भांडण खोलीवरून नव्हतंच, जिन्यावरून होतं. तुम्हाला जिना बाहेरून हवा होता, म्हणजे अंगणात आलं की घरात न शिरता सरळ वर. मला आतून हवा होता, स्वयंपाकघराशेजारून. तुमचं म्हणणं, माझ्या मैत्रिणी आल्या-गेल्या तर कुणाच्या पायांत येऊ नये. माझं म्हणणं, लोक बोलतील, नणंद रिटायर झाली आणि भावजयीनं तिला वेगळं काढलं. तीन महिने आपण दोघी त्या एका जिन्यावर अडून होतो. दिलीप दोघींचं ऐकायचे आणि पेपर वाचायला बसायचे. तुमचा भाऊ कसा ते तुम्हाला मी काय सांगायचं.

त्या दिवशी भाजी निवडताना मी म्हटलं, "वेगळं राहायचं असंल तर तसं सरळ म्हणा वन्सं. जिन्याचं निमित्त कशाला?"

तुम्ही चष्मा काढलात, पदरानं पुसलात, परत लावलात आणि म्हणालात, "बरं." मग उठून खोलीत गेलात. तुमच्या त्या "बरं"ला मी आयुष्यभर घाबरत आले. त्यात होकार असायचा की नकार, ते मला कधी ओळखू आलं नाही.

तासाभरानं मी बादली घेऊन तुमच्या खोलीत फरशी पुसायला आले. तुम्ही मोजायची टेप घेऊन मागच्या लोखंडी शिडीनं गच्चीवर गेला होतात. टेबलावर कॉम्प्युटर चालू होता. पडदा काळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आणि खाली हळूहळू भरत जाणारी एक पट्टी. टेबलाखाली प्लगचा बोर्ड फरशीपासून वीतभरच वर आहे, म्हणून पुसायच्या आधी मी दर रविवारी तो बंद करते. तसा बंद केला. लगेच यूपीएस टीं टीं करायला लागला. मी वाकले आणि त्याचंही बटण दाबलं. पडदा विझला. मी फरशी पुसली.

वन्सं, बटणं दोन होती. पहिलं सवयीनं बंद झालं असं म्हणता येईल. दुसऱ्याचं काय?

चितेगावच्या कंपनीत मी सतरा वर्षं आहे. पॅकिंगच्या मशिनवर "चालू असताना बंद करू नये" ही पाटी मी माझ्या हातानं चिकटवलीय. एका पोरीनं मधेच मशीन थांबवलं म्हणून तिला सगळ्यांसमोर बोलले होते आणि घरी येऊन तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, एकटीला बाजूला घेऊन बोलायचं होतंस. आणि त्या पडद्यावर तेच लिहिलेलं होतं, बंद करू नका. मी ते वाचलं होतं. बटण दाबायच्या आधी वाचलं, की दाबताना, की पडदा विझता विझता, ते मला आठवत नाही. मी खरंच आठवून पाहिलंय. कधी वाटतं, नुसती फरशी पुसायची होती. कधी वाटतं, तो नकाशा त्याच कॉम्प्युटरच्या डब्यात आहे हे मला पक्कं माहीत होतं.

तुम्ही खाली आलात, कॉम्प्युटर सुरू केलात. पंखा फिरला, दिवा लागला, पडद्यावर काही नाही. चार-पाच वेळा केलंत. मग मला हाक मारून विचारलंत, "संगीता, लाइट गेली होती का गं?"

मी म्हटलं, "व्हय, गेली होती जरा वेळ."

शेजारच्यांच्या टीव्हीवर मॅच चालू होती. तो आवाज गच्चीवर आपल्या घरातल्यापेक्षा जास्त येतो. तुम्ही तो सबंध वेळ ऐकला असणार. तरी तुम्ही मान हलवलीत आणि कागद घेऊन काहीतरी लिहायला लागलात.

त्याच्यानंतर आपल्याला नऊ दिवस मिळाले. त्या नऊ दिवसांत मी तुम्हाला तीनदा सांगायला आले होते. एकदा तुम्ही फोनवर होतात. एकदा डोळे मिटून पडला होतात. आणि एकदा मी नुसतंच विचारलं, चहा टाकू का. जिन्याचा विषय तुम्हीही काढला नाहीत, मीही नाही. घरात एवढी शांतता होती की दिलीपना वाटलं, मिटलं एकदाचं.

मंगळवारी सकाळी तुम्ही म्हणालात, छातीत जड वाटतंय. रिक्षात बसल्यावर पर्स राहिली म्हणून मला घरात परत पाठवलंत. मी मनात चिडले की आता पर्स कशाला. बुधवारी संध्याकाळी दवाखान्यात मला दहा मिनिटं आत सोडलं. तुमच्या नाकाला नळी होती. तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "बटण तीन सेकंद दाबून धरायचं. मग सोडायचं. मग कशाला हात लावायचा नाही."

मला वाटलं, उशाशी सिस्टरला बोलवायची जी घंटी असते, तिच्याबद्दल बोलताय. मी बाहेर जाऊन सिस्टरला सांगितलं, यांची घंटी वाजत नाही वाटतं. तिनं येऊन दाबून पाहिली, वाजली. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि डोळे मिटलेत. गुरुवारी पहाटे तुम्ही गेलात. तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते, आणि मी ते सिस्टरला नेऊन दिलं.

तेरावं झाल्यावर तुमची पर्स उघडली. आत घडी घातलेला कागद होता आणि कागदात एक पेन ड्राइव्ह. कागदावर तुमचं ते छापल्यासारखं अक्षर, ज्या अक्षरात आपल्या डाळींच्या डब्यांवरची नावं आहेत. वर लिहिलं होतं, "कारण: लाइट गेली." खाली, "प्रयत्न पहिला, शुक्रवार. दिवा चार वेळा लुकलुकला, मग लुकलुकायचा थांबला. नाही." आणि सगळ्यात खाली, "मोईनला विचारणे."

मोईन म्हणजे पैठण गेटजवळचा तो दुकानदार, ज्याच्याकडून एकेक भाग निवडून तुम्ही हा कॉम्प्युटर जुळवला होतात. मला आठवतं, टेबलावर पेपर पसरून तुम्ही दोघं बसला होतात. पन्नाशीत तुम्ही ड्रॉइंग बोर्ड सोडून कॉम्प्युटरवर रेघ मारायला शिकलात, तेव्हा खात्यातले तरुण पोरगे तुम्हाला हसायचे. वर्षभरानं तेच तुमच्याकडून कालव्याचे नकाशे तपासून न्यायचे. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मला ते तेराव्याला कळलं.

मी परवा रविवारी रिक्षा केली आणि कॉम्प्युटर मोईनकडं घेऊन गेले. दिलीपना सांगितलं, मिस्त्रीला नकाशा लागेल म्हणून. ते खोटं नव्हतं, पण खरंही तेवढंच नव्हतं. मी बंद केलेलं परत चालू होतं का, ते मला बघायचं होतं.

मोईननं आधी तुमच्याबद्दल हात जोडले. मग विचारलं, काय झालं होतं. मी म्हटलं, अपडेट चालू होतं आणि लाइट गेली.

तो म्हणाला, "मॅडम भी फोन पे येइच बोले थे. मैं बोला मॅडम, यूपीएस है ना तुमारे पास. तो बोले, यूपीएस पुराना हो गया मोईन, दम नई रहा उसमें."

वन्सं, यूपीएस दिवाळीला नवीन घेतला होता. त्याच दुकानातून. मोईनला ते माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही खोटं बोलताय हे त्याला कळलं होतं आणि त्यानंही पुढं काही विचारलं नव्हतं. आता मी तेच खोटं घेऊन त्याच्यासमोर आले होते, आणि तो माझ्याकडं बघत होता.

तुम्हाला माहीत होतं ना? मग मला लाइटचं का विचारलंत? मी खरं सांगते का ते बघायला, की मला निसटायला वाट करून द्यायला? दोन्ही तुमच्या स्वभावात बसतं. तेवीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन वैजापूरकडून या घरात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्या हातून दुधाचं पातेलं सांडलं होतं. आत्यांनी, तुमच्या आईंनी, विचारलं, कुणी सांडलं, तर तुम्ही म्हणालात, मांजर आलं होतं. चितेगावच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा आत्या नको म्हणाल्या. तुम्ही नुसतं म्हणालात, पोरीला शाळेतून मी आणीन. आणि दहा वर्षं आणलीत, ऑफिसातून धावतपळत. त्याबद्दल मी कधी नीट आभार मानले नाहीत. घरातल्या माणसाचे कुठं आभार मानतात, असं वाटायचं. आता वाटतं, मानले असते तर तुम्ही "बरं" म्हणाला असतात आणि मला परत काही कळलं नसतं.

मोईननं मला सगळं समजावून सांगितलं, आणि त्यातलं जे समजलं ते असं. कॉम्प्युटर सुरू करताना सगळ्यात आधी त्याच्यातलं एक छोटं काहीतरी जागं होतं आणि मग ते बाकी सगळ्याला उठवतं. तुम्ही त्याचंच अपडेट करत होतात. जुनं पुसून झालं होतं, नवं अर्धंच लिहिलं गेलं, तेवढ्यात वीज तुटली. म्हणून पंखा फिरतो पण पुढं काही हलत नाही. मी म्हटलं, नकाशा आतल्या डिस्कवर असंल ना, ती काढून दुसऱ्याला लावा. त्यानं लावून दाखवली. डिस्कला तुम्ही कुलूप घातलेलं होतं. तिनं अठ्ठेचाळीस आकडे मागितले. ते आकडे तुमच्या कुठल्याच वहीत नाहीत, आवरताना मी सगळ्या पाहिल्या होत्या. मोईन म्हणाला, डिस्क तिच्या स्वतःच्या बोर्डावर, म्हणजे याच कॉम्प्युटरच्या आत, कदाचित न विचारता उघडेल. नशीब असेल तर.

मी विचारलं, ते अपडेट गरजेचं होतं का. तो म्हणाला, बिलकूल नाही, कॉम्प्युटर चांगला चालत होता. मग तुम्ही त्या दिवशी, त्या वेळी ते का करायला घेतलंत? मला राग आला की मी भांडी घासत बसते. तुमचं तसंच काही होतं का? हेही आता राहिलंच.

त्यानं तुमचा पेन ड्राइव्ह लावून पाहिला आणि हसला. त्यात अपडेटची फाइल बरोबर होती. फक्त तिला जे नाव द्यायचं असतं, त्याची शेवटची तीन अक्षरं दोनदा पडली होती. आपल्याला ती एकदाच दिसतात, कारण कॉम्प्युटर ती लपवतो. म्हणून तुमच्या शुक्रवारच्या प्रयत्नात बोर्डाला फाइल सापडलीच नव्हती. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या नकाशातल्या चुका काढलेल्या तुम्ही, आणि तीन अक्षरांवर अडलात. मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

त्यानं नाव नीट केलं, पेन ड्राइव्ह मागच्या एका ठरावीक खाचेत घातला. त्या खाचेजवळ तुरीच्या दाण्याएवढं बटण होतं. तो मला म्हणाला, "भाभी, तुम दबाव. तीन सेकंद पकड के रखो, फिर छोड दो. फिर किसी चीज को हाथ नको लगाव."

मला तिथंच स्टुलावर बसावं लागलं. मोईननं घाबरून पाणी दिलं. मी त्याला दवाखान्यातलं सांगितलं.

मग मी दाबलं. एक, दोन, तीन. सोडलं. दिवा लुकलुकायला लागला. चार वेळा झाला, पाच, सहा, आणि चालूच राहिला. मोईन म्हणाला, सहा-सात मिनिटं लागतील. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. गिऱ्हाइकं येत होती, जात होती, कुणी वायर मागत होतं, कुणी माउस. तो दिवा लुकलुकत असताना मी मोईनला म्हटलं, "लाइट गेली नव्हती. मी बंद केलं होतं."

त्यानं विचारलं, "मॅडमकू मालूम था?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्यानं चहा मागवला. चहा येईपर्यंत दिवा विझला, पंखा थांबला, फिरला, परत थांबला. मग तिसऱ्यांदा फिरला आणि पडद्यावर अक्षरं आली. आणि कॉम्प्युटरनं ते अठ्ठेचाळीस आकडे विचारले नाहीत.

दुपारी घरी तुमच्या टेबलावर सगळं परत लावलं. दिलीप शेजारी खुर्ची घेऊन बसले. तुमचा पिन मला माहीत होता, कारण आकडे तोंडानं म्हणत टाकायची तुमची सवय. नकाशे एकाच ठिकाणी होते. "वरची खोली एक"पासून "वरची खोली नऊ"पर्यंत. फाइल उघडायची तेवढं मला येतं. एकेक उघडली. खोली सगळ्यांत तीच, खिडकी तीच, पूर्वेला. फक्त जिना फिरत होता. पहिल्यात बाहेरून. चौथ्यात आतून, मी म्हणत होते तिथूनच, स्वयंपाकघराशेजारून. पाचव्यात परत बाहेर. सातव्यात परत आत. म्हणजे माझं म्हणणं तुम्ही दोनदा काढून पाहिलं होतं आणि मला त्यातलं काही दाखवलं नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही जागच्या हलत नाही.

नववी त्या रविवारची होती, आपलं बोलणं झाल्यानंतरची. तिच्यात जिना नव्हताच. खोली होती, दार होतं, दाराच्या बाहेर काही नाही.

दिलीप पडद्याकडं वाकले. मग म्हणाले, "ताईनं रागात पुसला असंल." जरा थांबून म्हणाले, "नाहीतर तुझ्यावर सोडला असंल."

मी त्यांना तेव्हाच बटणांचं सांगितलं, दोन्ही. ते म्हणाले, "अगं, पण तू तर लाइट गेली म्हणाली होतीस." मी म्हटलं, व्हय. ते उठून खिडकीशी गेले. पाठमोरे रडत होते की नाही ते मला कळलं नाही. आले तेव्हा एवढंच म्हणाले की कॉम्प्युटर आता बंद करू नको, राहू दे संध्याकाळपर्यंत.

काल काशिनाथ मिस्त्री आला. खोली बांधायची की नाही यावर घरात वाद झाला नाही. दिलीप म्हणाले, पोरगी पुण्याहून आली की राहील. मी म्हटलं, वन्संची खोली आहे, आधी बांधू तर दे. मी नववा नकाशा मोठ्या कागदावर छापून आणला होता. मिस्त्रीनं तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ताई, वर जायचं कुठून?"

दिलीपनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "बाहेरून."

"तू तर आतून म्हणत होतीस," दिलीप म्हणाले.

"म्हणत होते."

मिस्त्री बाहेर गेला. त्यानं अंगणातल्या भिंतीवर खडूनं एक तिरपी रेघ मारली आणि तिथूनच ओरडून विचारलं, पहिली पायरी फाटकाकडून घ्यायची का नळाकडून. मी आत येऊन परत सगळे नकाशे उघडले. वन्सं, तुमच्या नवांपैकी सहांत जिना बाहेरून आहे. त्यातल्या तीनांत पहिली पायरी फाटकाकडं आहे आणि तीनांत नळाकडं. मिस्त्रीला म्हटलं, उद्या सांगते. तेवढं तरी एक तुम्ही ठरवून जायचं होतंत.